कंडेन्सेट पॉलिशिंग युनिट: नितळ पाण्याला भुलू नका

मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीत लिटरभर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी, निघतो. एमईईमध्ये (मल्टी-इफेक्ट इव्हॅपोरेटर) तो आटवताना जी वाफ निघते, ती थंड झाली की कंडेन्सेट. तेच पाणी फर्मेंटरला, म्हणजे मळी आंबवायच्या टाकीला, परत देण्यालायक करायचं, हे कंडेन्सेट पॉलिशिंग युनिटचं (सीपीयू) काम. बाजारात याच्या दोन तऱ्हा मिळतात आणि स्वस्तातली घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

स्वस्तातल्या पॅकेजमध्ये कॉस्टिक सोड्याचं डोसिंग, सँड फिल्टर, कार्बन फिल्टर आणि शेवटी आरओ. पाणी काचेसारखं दिसतं. पण कंडेन्सेटमध्ये क्षार मुळातच नगण्य. खरा त्रास अ‍ॅसेटिक आणि इतर बाष्पनशील आम्लांचा, ज्यांच्यामुळे पीएच ३ ते ४ असतो. कॉस्टिकने ती आम्लं जात नाहीत, त्यांचं अ‍ॅसिटेट होतं. आरओ अ‍ॅसिटेट बऱ्यापैकी अडवतो, पण डोसिंग कमी पडून पीएच घसरला की अ‍ॅसेटिक आम्ल मेंब्रेनमधून सरळ पार. आणि सुटलेलं अ‍ॅसिटेट ४.५ पीएचच्या वॉशमध्ये (आंबणाऱ्या मळीत) गेलं की त्यातलं जवळपास दोन तृतीयांश पुन्हा आम्लरूपात येतं. हेच रूप यीस्टच्या पेशीत शिरतं आणि तिला दमवतं. कॉस्टिकऐवजी चुना वापरायचा सल्ला कुणी दिला तर हात जोडा. मळीत कॅल्शियम आधीच भरपूर, त्यात भर घातली की डिस्टिलेशन कॉलमच्या ट्रेवर पापुद्रे धरतात.

दुसऱ्या तऱ्हेत आधी हवेविना चालणारा अ‍ॅनेरोबिक रिअ‍ॅक्टर, मग एरेशन (हवा देणं), क्लॅरिफायर (गाळ खाली बसवणारी टाकी), यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन). इथे जिवाणू आम्लं खाऊन टाकतात. पाचात चार गुण. एक गुण कापला तो इक्वलायझेशन टाकीसाठी (येणाऱ्या पाण्यातले चढउतार सारखे करणारी साठवण): ती बहुतेक कोटेशनांत तोकडी असते, किमान १२ तासांचं पाणी मावेल अशी मागून घ्या. कंडेन्सेट गरम असतं, ते ३५ ते ३८ अंशांवर आणूनच रिअ‍ॅक्टरला द्यायचं. त्यात नत्र-स्फुरद जवळजवळ नसतं, म्हणून युरिया आणि डीएपी खत हवंच. लोह, निकेल, कोबाल्टही चिमूटभर. हंगामाच्या सुरुवातीला पूर्ण लोड टाकला की रिअ‍ॅक्टर आंबलाच समजा. रिअॅक्टरमधलं बाष्पनशील आम्ल आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवायची क्षमता) यांचं गुणोत्तर ०.३ च्या खाली टिकलं तरच लोड वाढवा.

एमईईत फेस आला की स्पेंटवॉशचे थेंब कंडेन्सेटमध्ये उडतात. लाइनवर ते पकडणारा कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा) आणि असं पाणी आपोआप दुसरीकडे वळवणारा व्हॉल्व्ह नसेल तर ऑर्डर देऊ नका.

शुद्ध केलेलं पाणी मळी पातळ करायला वापरा, यीस्ट वाढवायच्या टाकीला नको. हप्त्याहप्त्याने सुरुवात करा, आधी एक चतुर्थांश. त्याआधी लॅबमध्ये दोन फ्लास्क लावा: एकच मळी, एकच ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण), एकच यीस्ट, एकात ताजं पाणी, दुसऱ्यात सीपीयूचं. ३२ अंशांवर आंबवून अल्कोहोल, उरलेली साखर आणि बाष्पनशील आम्ल तपासा. दुसऱ्या फ्लास्कात आम्ल चढलेलं आणि साखर उरलेली दिसली, तर विक्रेत्याचं शेवटचं बिल थांबवा.