सिक्युरिटी एजन्सी: माणसं चांगली, पण कायद्याच्या नावाने बोंब (५ पैकी २ स्टार)

धरणगाव रोडला आपली छोटी जिनिंग आहे, कापसाचा सीझन आला की रात्री गेटवर दोन गार्ड लागतातच, म्हणून एका एजन्सीकडून घेतले. नाव टाकत नाही, मालक ओळखीतला आहे. रेट परवडला, जीएसटी १८ टक्के वेगळा, गार्ड टायमावर येतात, वजनकाट्याचं रजिस्टर नीट लिहितात अन् रात्री झोपलेले कधी सापडले नाहीत. इथपर्यंत झकास.

मग एका रात्री साडेअकराला एक पोरगा कंपाउंडवरून सरकीचं पोतं टाकताना सापडला, गार्डने पोतं हिसकावलं, दोन काठ्या हाणल्या अन् त्याला चऱ्हाटाने काट्याजवळच्या खांबाला बांधून ठेवलं, मला फोन सुद्धा नाही. सकाळी आठला मी गेलो तेव्हा पोराच्या मनगटावर दोराचे लाल वळ अन् ओठ कोरडे पडलेले. गार्ड म्हणतो, "सोडू ते पयी जाई ना भाऊ!" वर तो स्वतःवर खूश!

आधी पोराला पाणी पाजलं, मग पोलीस बोलावले. हवालदार साहेब आले ते म्हणे, "शेठ, चोरीचं नंतर बघू, आधी सांगा याला बांधलं कोणी?" माझी बोलतीच बंद.

नंतर वकील साहेबांनी समजावलं ते सगळ्या जिनिंगवाल्यांनी अन् दुकानदारांनी वाचा. गार्डच्या अंगात खाकीसारखा ड्रेस असला तरी त्याला पोलिसाचा अधिकार नाही, तो तुमच्याआमच्यासारखा खाजगी माणूस. बीएनएसएस म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम ४० (आधीचं सीआरपीसी ४३) खाजगी माणसाला पकडू देतं, पण डोळ्यासमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात असा) अन् अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा झाला किंवा माणूस फरार घोषित असला तरच, अन् सहा तासाच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. आमच्या गार्डने साडेआठ तास ठेवला. त्यात पोतं होतं दोनेक हजाराचं, अन् पाच हजाराच्या आतली पहिलीच चोरी, माल परत मिळालेला, म्हणजे अदखलपात्र अन् जामीनपात्र, मग पकडून ठेवायचा हक्कच कुठे राहिला? माल वाचवायला लागेल तेवढा जोर लावता येतो, पण माल हातात परत आला की तो हक्क तिथेच संपतो. म्हणजे पोतं हिसकावलं ते ठीक, काठ्या घातल्या त्या नाही. बांधून ठेवलं ते तर थेट अन्यायाने डांबून ठेवणं, बीएनएस म्हणजे नव्या दंडसंहितेचं कलम १२७, एक वर्षापर्यंत कैद. पोराच्या बापाने तक्रार केली नाही, दवाखान्याचा खर्च मी दिला, म्हणून निभावलं.

एजन्सीला विचारलं ट्रेनिंग काय देता, तर सुपरवायझर म्हणे "शिटी, सॅल्यूट, रजिस्टर". अरे, खाजगी सिक्युरिटी एजन्सींसाठी २००५ चा 'पसारा' (PSARA) कायदा आहे, केंद्राच्या २००६ च्या मॉडेल रूल्समध्ये १०० तास वर्गात अन् ६० तास फील्डवर असं ट्रेनिंग सांगितलं होतं, कमीत कमी २० दिवसांचं, त्यात स्वसंरक्षणाचा हक्क अन् एफआयआर कशी द्यायची हे पण होतं. माझ्या दोन्ही गार्डला विचारलं, एकाला अर्धा दिवस झालेला, दुसऱ्याला तेवढा पण नाही. गार्डची चूक निम्मी, बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. (खरं तर मी पण कधी विचारलं नव्हतं.)

नंतर मालक स्वतः आले, माफी मागितली अन् गार्ड बदलून दिला, म्हणून दोन स्टार, नाहीतर एकच दिला असता. लायसन्स अन् ट्रेनिंगचं सर्टिफिकेट दाखवा म्हटलं, तीन आठवडे झाले, "पाठवतो भाऊ" चालूय. तोवर केबिनच्या दारावर मीच खडूने ११२ लिहून ठेवलाय, अन् चऱ्हाट घरी नेलं.