वेदना सोसणे आणि दमसास: स्त्री व पुरुष

कोल्हापूरच्या तालमीत ‘बाईची सहनशक्ती जास्त’ असे बाळंतकळांचा दाखला देऊन सहज म्हटले जाते. परंतु बर्फाच्या पाण्यात हात किती वेळ ठेवता येतो, अशा प्रयोगांत सरासरीने पुरुष अधिक वेळ टिकतात आणि स्त्रियांना वेदना लवकर जाणवते. मायग्रेनही स्त्रियांत अधिक आढळतो. यामागे संप्रेरकांचा भाग आहे, तसाच संस्कारांचाही. समोर परीक्षक म्हणून स्त्री असेल तर पुरुष वेदना कमी सांगतात, असे काही प्रयोगांत दिसले आहे. लाल मातीत ‘रडायचे नाही’ हेच ऐकत वाढलेल्या मुलाच्या मौनाला सहनशक्ती म्हणणे मला पटत नाही, आणि दुखते म्हणणाऱ्या बाईला नाजूक ठरवणे तर अन्यायाचेच आहे.

दमसासाचे चित्र निराळे आहे. पुरुषांचे हृदय मोठे व हिमोग्लोबिन (रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य) अधिक असल्याने मॅरेथॉनच्या विक्रमांत ते साधारण १० टक्क्यांनी पुढे राहतात. मात्र स्त्रियांचे स्नायू तुलनेने उशिरा थकतात, चरबीचे इंधन अधिक वापरतात आणि त्या धावण्याचा वेग शेवटपर्यंत अधिक समान राखतात. त्यामुळे पन्हाळा ते पावनखिंड अशा पावसाळी वाटचालीत कोण टिकेल, हे स्त्री-पुरुष भेदापेक्षा सरावच अधिक ठरवतो.