आठ महिने वंशावळीची वेबसाइट वापरल्यानंतर: मिलिशियातला पूर्वज शोधणाऱ्यांसाठी

सासूबाई अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स परगण्यातल्या. घराण्यात पूर्वापार एकच वाक्य: "आपला एक पूर्वज वॉशिंग्टनच्या वेळी लढला." म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात. त्याचा कागद मिळावा म्हणून मी वंशावळीच्या एका मोठ्या वेबसाइटची सहा महिन्यांची वर्गणी भरली. मुदत संपताच न विचारता पुढच्या सहा महिन्यांचे पैसे कापले गेले. फोनवर चाळीस मिनिटं घालवूनही परत मिळाले नाहीत. हा अनुभव त्या रागात लिहायला घेतलाय, पण सगळा राग पैशांचा नाही.

राग आहे तो वेबसाइट आपणहून देते त्या सूचनांवर. पहिल्याच दिवशी तिने आमच्या माणसाला कॉन्टिनेंटल सैन्यातला, म्हणजे वॉशिंग्टनच्या नियमित फौजेतला, सार्जंट करून टाकलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन महिन्यांनी कळलं की तो सार्जंट त्याच नावाचा दुसराच माणूस. बर्क्ससारख्या जर्मन वस्तीत तीच चार-पाच नावं घरोघरी असायची, आणि आडनाव कारकुनाच्या कानावर पडेल तसं लिहिलं जायचं. म्युलरचा मिलर तिथेच होतो. त्या काळी नावापुढच्या 'ज्युनियर'चा अर्थही नेहमी 'मुलगा' असा नसे. गावात एकाच नावाचे दोघे असले की धाकट्याला ज्युनियर म्हणत, नातं असो वा नसो. वेबसाइटने दोघांना बापलेक करून जोडलं, आणि शेकडो लोकांनी ती चूक आपापल्या वंशवृक्षात उतरवून घेतली. दुरुस्तीसाठी मी तीन पत्रं पाठवली. उत्तर प्रत्येक वेळी तेच, छापील.

मिलिशिया म्हणजे गरजेपुरत्या बोलावलेल्या गावकऱ्यांची फौज, आणि मिलिशियावाल्याचं दुखणं वेगळं असतं. पेनसिल्व्हेनियाच्या मार्च 1777 च्या कायद्याने 18 ते 53 वयाच्या गोऱ्या पुरुषांची नावनोंदणी सक्तीची केली. त्यांचे आठ वर्ग पाडले आणि एकेका वर्गाला पाळीपाळीने दोन महिन्यांसाठी बोलावलं जाई. बदली माणूस पाठवायचीही सोय होती. म्हणजे यादीत नाव आहे एवढ्यावरून तो माणूस घराबाहेर पडला होता हे सिद्ध होत नाही. वेबसाइट मात्र अशा यादीवर सरसकट 'सैनिक' लिहून मोकळी होते. राज्याच्या अभिलेखागाराची कार्डं ऑनलाइन फुकट पाहता येतात. ती आधी पाहा आणि प्रत्यक्ष कामगिरीचा उल्लेख शोधा.

इथपर्यंतचा मजकूर मी जूनमध्ये लिहून ठेवला होता, आणि शेवटी 'पैसे पाण्यात' असा शेरा होता. तो आता खोडतेय.

ऑगस्टमध्ये नाव न घालता फक्त परगणा आणि 'पेन्शन' एवढंच टाकून शोधलं, तेव्हा एका विचित्र स्पेलिंगखाली फाइल सापडली. क्रमांकाआधी 'आर' होता. पेन्शनच्या फायलींवर 'एस' म्हणजे स्वतः सैनिक, 'डब्ल्यू' म्हणजे विधवा आणि 'आर' म्हणजे नामंजूर. नामंजूर पाहून ती फाइल सोडू नका, एवढं माझं ऐका. 1800 च्या नोव्हेंबरमध्ये युद्धखात्याला आग लागून जुनी दप्तरं जळाली होती, त्यामुळे 1832 च्या कायद्याखाली पेन्शन मागणाऱ्या म्हाताऱ्यांना न्यायालयात उभं राहून सगळं तोंडी सांगावं लागे. जन्म कुठे झाला? वयाचा पुरावा काय? बोलावणं आलं म्हणून गेलात, आपणहून गेलात, की कुणाच्या बदल्यात? अधिकारी कोण होते?

आमचा माणूस तेव्हा पंचाहत्तरीचा होता. त्याने सांगितलं: एक पाळी 1777 च्या शरदात फिलाडेल्फियाच्या बाजूला, दुसरी बर्क्समधल्याच रीडिंग गावी कैद्यांवर पहारा. कैदी ब्रिटिशांच्या बाजूने लढणारे जर्मन, तोही जर्मन बोलणारा, त्यामुळे त्यांची गावं कुठली हेसुद्धा त्याला ठाऊक होतं. दोन पाळ्या, चार महिने. कायद्याला किमान सहा महिने हवे होते. अर्ज फेटाळला गेला. पण अर्ज केला म्हणून तर त्याचं बोलणं कागदावर उरलं. खाली सही जर्मन लिपीत आहे आणि शेजारी कारकुनाने केलेलं चुकीचं स्पेलिंग. सासूबाई त्या सहीवरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसल्या. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांनी वही उघडून माझ्या पणजोबांची सही दाखवली होती, तेव्हा मीही तशीच बसले होते.

म्हणजे शोधयंत्र चांगलंय, सूचना वाईट आहेत. वर्षावर्षाच्या करयाद्याही इथे नीट लावलेल्या आहेत. एकाच नावाच्या दोघांना मी वेगळं केलं ते त्यांच्याच आधारे. 1830 पर्यंतच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, तिच्यात वेळ घालवू नका; 1840 च्या जनगणनेत मात्र पेन्शन मिळणाऱ्यांची नावंही आहेत.

पैशांचं म्हणाल तर वार्षिक किंवा सहामाही वर्गणी घेऊच नका. आधी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारा, कित्येक ठिकाणी अशा वेबसाइट तिथे बसून फुकट वापरता येतात. पेन्शनच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूचीतही विनामूल्य आहेत. मला हे उशिरा कळलं. तरीही लागलीच तर एका महिन्याची घ्या आणि आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करा.

सार्जंट अजून आमच्या माणसाच्या जागी उभा आहे. चौथं पत्र उद्या जाईल, सोबत त्या सहीची प्रत जोडून.