हे डाग विमानाचे की सेन्सरचे?

ठाण्यात फोटोचे चांगले प्रिंट कुठे निघतात, असं कुणी विचारलं की मी एकच जागा सांगते. नौपाड्यात, गोखले रोडच्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. खाली उसाच्या रसाचं दुकान, वर जायला अंधारा जिना, आणि पाटी इतकी लहान की मी पहिल्यांदा पुढेच निघून गेले होते.

माझा मामा नौदलात एअरफ्रेम मेकॅनिक, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि पत्रा सांभाळणारा कारागीर होता. उमेदीची वर्षं सी हॉक या लढाऊ जेट विमानांवर गेली. १९७१ च्या डिसेंबरात जुन्या आयएनएस विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेवरून उडून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले ते याच विमानांनी. ती विक्रांत २०१४ मध्ये मुंबईत दारूखान्याच्या जहाजतोडणीच्या धक्क्यावर तोडायला घेतली, तेव्हा मामा दोन दिवस नीट जेवला नव्हता. सी हॉक मात्र गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात बघायला मिळतं, उघड्यावर उभं. मामाच्या गुडघ्यांना आता एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून पाऊस ओसरल्यावर मीच ठाण्याहून जनशताब्दीने गेले. निघताना त्याने बजावलं, "समोरून सगळेच काढतात. तू पंखाच्या मुळाशी काढ."

कारण तिथेच या विमानाची खुबी आहे. इंजिन एकच, पण त्याचा झोत शेपटीतून बाहेर पडत नाही. दोन नळ्यांत विभागून तो दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर येतो. ढगाळ सकाळ होती, पत्र्यावर चकाकी नव्हती. रंग खडूसारखा भुरभुरीत झालेला. पत्रे जोडणाऱ्या रिवेटांच्या एका रांगेत चार-पाच डोक्यांभोवती पांढरी भुकटी फुललेली, आणि एका स्क्रूखालून बोटभर लांबीचा तांबूस ओघळ. हा एवढाच तुकडा मी तासभर काढत बसले.

मोबाईलवर फोटो बघून मामा म्हणाला, "ॲल्युमिनियम लाल गंजत नाही, पांढरं फुलतं. लाल आहे तिथे स्टीलचा स्क्रू आहे. खारी हवा आणि दोन धातू एकमेकांना लागून, मग आधी ॲल्युमिनियमच खाल्लं जातं."

पहिला प्रिंट मी ऑनलाइन मागवला. घरपोच आला, वेष्टन सुरेख होतं. पण करडा रंग निळसर झाला होता आणि पांढरी भुकटी गायब! कुणीतरी ती धूळ समजून पुसून टाकली होती. मामाने भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि प्रिंट परत माझ्या हातात दिला. "याला कुणीतरी आंघोळ घातलीय," म्हणाला. मला फार वाईट वाटलं. ती भुकटी म्हणजेच तर त्या विमानाची इतकी वर्षं.

मग नौपाड्यातल्या या दुकानाबद्दल कळलं. दुकानाच्या काकांनी फाईल उघडली, पूर्ण मोठी केली, आणि काही करायच्या आधी विचारलं, "ताई, हे डाग विमानाचे की सेन्सरचे?" मी म्हटलं, विमानाचे. त्यांनी शेजारच्या मुलाला सांगितलं, "मग याला हात लावायचा नाही." वर आकाशात सेन्सरवरच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत चित्र टिपणाऱ्या भागावरच्या, धुळीचा एक ठिपका खरोखर होता. तो त्यांनीच दाखवला आणि मला विचारूनच काढला.

माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. लांब बाजूला ६००० पिक्सेल, म्हणजे १२ बाय १८ इंचाला इंचामागे ३३३ भरतात, ताणाताण नाही. पण काका सरळ मोठा प्रिंट काढतच नाहीत. आधी फोटोतला एक तुकडा त्याच मापात, दोन कागदांवर काढून देतात. चकचकीत कागदावर भुकटी आणि पत्र्याची चमक एकात एक मिसळत होती. कापसाच्या मॅट कागदावर भुकटी वेगळी उठून आली, आणि ओघळाचा रंग खालच्या टोकाला कसा फिका होत जातो तेही दिसलं. तुकडे मामाला दाखवायचे होते. त्याला जिना चढवेना, तर काका स्वतः खाली आले आणि रसाच्या दुकानासमोर दिवसाच्या उजेडात दोन्ही धरून उभे राहिले. मामाने मॅटवर बोट ठेवलं.

चाचणीच्या तुकड्यांचे मला १२० रुपये पडले, प्रिंटचे ९५०. स्वस्त नाही, पण मला पटले. फ्रेम तिथे होत नाही. मात्र काचेला प्रिंट चिकटू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट घाला, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला धरतो, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

दोन गोष्टी खटकल्या. दुकान दुपारी १ ते ४ बंद असतं आणि हे बाहेर कुठेही लिहिलेलं नाही. माझी एक चक्कर फुकट गेली. आणि प्रिंट इतक्या बारीक नळीत गुंडाळून दिला की सपाट व्हायला चार दिवस जाडजूड पुस्तकांखाली ठेवावा लागला. तुम्ही सपाट पुठ्ठ्यात मागून घ्या. वेळही लागतो, मला सहा दिवस लागले.

प्रिंट आता मामाच्या पलंगासमोर आहे. भिंग उशाशीच असतं. परवा त्याने एका रिवेटवर बोट ठेवून सांगितलं की हा मूळचा नाही, नंतर कुणीतरी बदललाय, डोकं किंचित मोठं आहे. मी त्या फोटोसमोर इतके तास बसले, मला ते दिसलं नव्हतं. आता त्याला दुसऱ्या बाजूचं पंखाचं मूळही हवंय. ती फाईल माझ्याकडे आहे. सोमवारी सकाळी, १ वाजायच्या आत, देऊन येणार आहे.