तीन थरांची लेटेक्स गादी : फर्मनेस कसा ठरवायचा, वापरून सांगतेय

आम्ही घेतलीये ती लेटेक्सची, म्हणजे रबराच्या फोमची गादी, किंग साइज, ७८ बाय ७२ इंच, जाडी एकूण ८ इंच. खाली ३ इंची फर्म, मधे ३ इंची मिडीयम, वर २ इंची सॉफ्ट, आणि हे सगळं चेनवाल्या कॉटन कव्हरमधे सुटंच ठेवलेलं, गोंद कुठेच नाही. गादी एक नंबर आहे हे आधीच सांगते. पण ती तुम्हाला मानवेल का हे थर कुठल्या क्रमाने लावलेत त्यावर ठरतं आणि ते दुकानात कोणी नीट सांगत नाही, म्हणून एवढं लिहायला बसले.

आपल्याकडे पाठ दुखली की पहिला सल्ला ठरलेला, कडक गादीवर झोप नाहीतर सरळ जमिनीवर सतरंजी टाक. शोरूममधे पण तेच, "मॅडम हार्डच घ्या, ऑर्थो आहे". खरं तर २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास छापून आला होता, जुनी कंबरदुखी असलेली ३१३ माणसं, काहींना कडक गादी दिली काहींना मध्यम-कडक, आणि ९० दिवसांनी मध्यम-कडकवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला होता. मला हे अगदी पटतं कारण मी कुशीवर झोपणारी. कुशीवर झोपलं की सगळा भार खांदा आणि खुब्यावर येतो, ते थोडे आत गेले नाहीत तर कंबर अधांतरी राहते आणि रात्री हाताला मुंग्या येतात. काथ्याच्या गादीवर मला हे रोजचं होतं.

आता आकडे. दुकानदार डेन्सिटी सांगतात, म्हणजे एका घनमीटरला किती किलो. डनलॉप पद्धतीच्या लेटेक्समधे (आपल्याकडे बहुतेक तेच मिळतं, केरळच्या रबराचं) ढोबळमानाने ६५-७० सॉफ्ट, ७५-८० मिडीयम, ८५-९० च्या पुढे फर्म. पण नुसत्या डेन्सिटीवर जाऊ नका, मालात फिलर म्हणजे नुसती भर घातली तरी वजन वाढतं. आयएलडी विचारा. फोम ठरावीक चकतीने त्याच्या जाडीच्या २५ टक्के दाबायला किती जोर लागतो तो हा आकडा, साधारण २० च्या खाली सॉफ्ट, २४ ते २८ मिडीयम, ३२ च्या वर फर्म. ज्यांना आयएलडी म्हणजे काय हेच माहीत नसतं त्यांच्याकडून निदान तिन्ही थर हाताने दाबून, वेगवेगळे बघून घ्या.

अजून एक, जाडी. वरचा सॉफ्ट थर २ इंचांचाच असेल तर वजनदार माणूस तो पूर्ण दाबून खालच्या थरावरच झोपतो, म्हणजे त्याला गादी मिडीयमच वाटणार. आमच्याकडे तसंच झालं. माझं वजन ५८, मला सॉफ्ट-मिडीयम-फर्म हा क्रम अगदी परफेक्ट, खांदा आत जातो आणि खुबा मधल्या थरावर अडतो. नवऱ्याचं ९०, तो उताणा झोपतो, त्याची कंबर खाली जायला लागली आणि सकाळी उठल्यावर पाठ आखडलेली. किंग साइजचे तिन्ही थर मधून कापून दोन-दोन भागांत मागवले होते हे इथे फार कामी आलं. त्याच्या बाजूला मिडीयम वर घेतला, त्याखाली फर्म आणि सॉफ्ट तळाला, चेन लावली, झालं! आता त्याची तक्रार नाही. मधली फट कव्हरमुळे आम्हाला जाणवत नाही, पण मधे लहान मूल झोपत असेल तर वरचा थर सलग घ्या आणि खालचे दोनच कापून मागवा.

डनलॉपचा एक बारकावा, साच्यात ओतल्यावर जड कण थोडे खाली बसतात त्यामुळे थराची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित कडक असते. क्रम बदलायच्या आधी वरचा थर नुसता उलटा करून बघा, कधीकधी तेवढा फरक पुरतो.

बरोबर बसलीये का ते कसं कळणार? उताणं झोपून कमरेखाली हात सरकवा. आरपार मोकळा गेला तर कडक, अजिबात शिरत नसेल तर मऊ, थोडा अडकत गेला की बरोबर. कुशीवर झोपत असाल तर घरातल्या कोणाला तरी मागून फोटो काढायला सांगा, मणका सरळ रेषेत दिसला पाहिजे. शोरूममधे दोन मिनिटं टेकून काही कळत नाही, पंधरा-वीस मिनिटं आपल्या नेहमीच्या पोझिशनमधे पडून राहा, सेल्समन काहीही म्हणो. घरी आणल्यावर निदान दोन-तीन आठवडे तरी क्रम बदलू नका, गादीही थोडी सैल होते आणि अंगालाही सवय व्हावी लागते. आणि बदलताना दोघं जण लागतात. ८० च्या डेन्सिटीने हिशोब केला तर ८ इंची किंग ६० किलोच्या जवळ जाते, थर लिबलिबीत असतात, कडेला धरून ओढले तर फाटतात.

प्रोटेक्टर ताणून बसणारा जाड प्लास्टिकचा घेतलात तर वरचा सॉफ्ट थर घेऊन काय उपयोग, सगळं ढोलासारखं ताठ होतं. पातळ आणि ताणला जाणारा घ्या.

आमच्या सासूबाईंना पहिल्याच मे महिन्यात गादी गच्चीवर टाकायची होती, कापसाच्या गाद्यांना वर्षानुवर्षं ऊन दाखवलेलं. "आई, हिला ऊन नको, रबर आहे, कडक होऊन भुगा पडेल" हे समजवावं लागलं. कव्हर तेवढं धुवायचं, थर सावलीत वाऱ्याला उभे करायचे. स्टोरेजवाला प्लायचा बेड असेल तर प्लायला भोकं पाडून घ्या, नाहीतर पावसाळ्यात खालून ओल धरते आणि बुरशी येते, विशेषतः मुंबई-कोकणात. नव्या रबराचा वास काही दिवस येतो, खिडक्या उघड्या ठेवल्या की जातो.

किंमत काथ्याच्या चांगल्या गादीच्या दुप्पट-तिप्पट पडते, ती मला पटली ती केवळ थर सुटे आहेत म्हणून. त्यामुळे एकसंध चिकटवलेली लेटेक्स गादी थोडी स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही. आणि ऑर्डर करतानाच विचारा की पुढे एखादाच थर वेगळ्या फर्मनेसचा विकत मिळेल का, आणि मिळणार असेल तर ते बिलावर किंवा मेलवर लिहून घ्या.