खाणींचे डिझेल: करपरतावा की पूर्ण आकारणी?
ऑस्ट्रेलियातील खाण कंपन्यांना डिझेलवरील अबकारी कर परत द्यावा की नाही, याबाबत मन द्विधा असलेल्यांनी दोन्ही पर्याय एकाच कसोट्यांवर घासून पाहावेत. न्याय्यतेत परतावा सरस वाटतो, कारण २००६च्या इंधन कर कायद्यानुसार तो शेतीलाही मिळतो आणि खाणीच्या आवारातील डंपर सार्वजनिक रस्ते झिजवत नाहीत. मात्र हा कर केवळ रस्त्यांसाठी राखून न ठेवता सर्वसाधारण महसुलात जमा होत असल्याने तो युक्तिवाद मला अर्धाच पटतो. तिजोरीच्या दृष्टीने पूर्ण आकारणी उघडच लाभदायक आहे. डिझेल सोडून विजेकडे वळण्याची निकड परताव्यामुळे मंदावते. परंतु पर्यायी यंत्रे हाताशी नसलेल्या दुर्गम, लहान खाणींवर पूर्ण कर हा निव्वळ भुर्दंड ठरेल. उत्पादनखर्चावर कर नको असे मानणाऱ्यांसाठी परतावा योग्य. उत्सर्जनघट आणि महसूल ज्यांना महत्त्वाचा वाटतो, त्यांच्यासाठी टप्प्याटप्प्याने वाढणारी आकारणी.