ड्रॅगनबॉर्नचं मिनिएचर मागवलं, काम सुंदर आहे पण शेपूट लावून पाठवलंय

आम्ही पाचजण दर रविवारी बेळगावच्या शहापुरात माझ्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एक पात्र घेऊन पटावर खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळतो, एकजण निपाणीहून सकाळच्या बसने येतो, एक मैत्रीण गोकाकची, बाकी इथलेच. दोन वर्षं बाटल्यांची बुचं ठेवून खेळलो, मग वाटलं आता माझ्या कॅरेक्टरचं खरं मिनिएचर, म्हणजे पटावर ठेवायची छोटी मूर्ती, पाहिजेच की. खडेबाजार, गणपत गल्ली सगळीकडे विचारून झालं, मिळालं नाही, म्हणून ऑनलाइन मागवलं. विक्रेत्याने लिहिलेलं की २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकप्रमाणे (खेळाचं नियमांचं पुस्तक) ड्रॅगनबॉर्न, म्हणजे ड्रॅगनसारखी दिसणारी जमात, त्यातली फायटर म्हणजे लढवय्यी, बाईमाणूस, ३२ मिलिमीटर स्केल, रंग न दिलेलं रेझिन. किंमत ७५० आणि कुरिअरचे ९०, आठ दिवसात आलं.

आधी चांगलं सांगतो कारण चांगलं खरंच लई चांगलं आहे. गालावरचे खवले बारीक, मानेपासून खाली मोठे मोठे होत गेलेत, कुठे थ्रीडी प्रिंटच्या रेघा दिसत नाहीत. आणि हात बघून तर मला इतका आनंद झाला, तीन बोटं आणि एक अंगठा, नखं पक्ष्याच्या पंजासारखी! पुस्तकात तसंच आहे पण बरेचजण सरळ माणसाची पाच बोटं काढून मोकळे होतात. अंगलट पण बरोबर, ही जमात साडेसहा फुटाच्या आसपास उंच आणि वजन ३०० पौंड, म्हणजे १३५ किलोच्या वर, तो भारदस्तपणा खांद्यात दिसतो. तलवार थोडी वाकून आलेली, गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून सरळ केली, हे रेझिनला होतंच, त्याचे मार्क कापत नाही.

आता शेपूट. त्या हँडबुकात स्पष्ट लिहिलंय की ड्रॅगनबॉर्न माणसासारखे दोन पायांवर सरळ उभे असतात आणि त्यांना पंख नसतात, शेपूटही नसते. हिला चांगली जाडजूड शेपूट, पायाला वळसा घालून बेसच्या बाहेर आलेली. लिस्टिंगमध्ये फोटो फक्त पुढून होता त्यामुळे कळलंच नाही. मेसेज केला तर उत्तर आलं की बाल्डर्स गेट ३ मध्ये शेपूट आहे म्हणून. आहे की, २०२३ च्या त्या व्हिडिओ गेममध्ये आहे, मी पण खेळलोय, पण मग तसं लिहायचं होतं, हँडबुकचं नाव कशाला घेतलं? बेस २५ मिलिमीटरचा म्हणजे पटावरचा एक इंच घर, शेपूट बाहेर आली की शेजारच्या घरातलं मिनिएचर ढकललं जातं, म्हणजे खेळताना पण त्रास.

पण मला जास्त लागलं ते बॉक्समधल्या कार्डाचं. त्यावर छापलेलं, सोरा किंबातूल. दोन्ही नावं पुस्तकातलीच आहेत, पण क्रम उलटा! ड्रॅगनबॉर्न लोक कुळाचं नाव आधी लावतात, मग स्वतःचं, आणि ते मान म्हणून लावतात. त्यांच्यात कूळ जीवापेक्षा मोठं, देवापेक्षा पण वर, कुळाला बट्टा लावला तर कुळातून बाहेर काढतात. अशा बाईने स्वतःचं नाव कुळाच्या पुढे लावणं म्हणजे तिच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट झाली. किंबातूल सोरा असंच पाहिजे.

हे आपल्याकडच्या माणसाला समजवायला पण लागू नये. शाळेच्या हजेरीत आपलं आडनाव आधी यायचं, मास्तर आडनावानेच हाक मारायचे. आमच्यात येळ्ळूरकर, कडोलकर म्हटलं की गाव आधी कळतं मग माणूस. गोकाकची मैत्रीण म्हणाली तिच्या घरी आडनावाला अड्डहेसरु म्हणतात, म्हणजे शब्दपण जवळपास तोच, आणि मग एक तास आम्ही खेळ सोडून घराघरातली नावंच सांगत बसलो.

ड्रॅगनबॉर्नची अजून एक पद्धत मला फार आवडते, लहानपणीचं नाव. जन्मल्यावर खरं नाव ठेवतातच, पण एकाच वेळी अंड्यातून बाहेर आलेली भावंडं एकमेकांना सवयीवरून किंवा एखाद्या प्रसंगावरून वेगळं नाव पाडतात, शील्डबायटर म्हणजे ढाल चावणारी, इयरबेंडर म्हणजे बोलून बोलून कान किटवणारी. माझ्या पुतणीच्या बारशाला ताईने आत्या म्हणून कानात कुर्र करून छान नाव सांगितलं आणि घरात ती झाली चिमी. आमच्या गावाचं पण कागदावर १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं, हे हँडबुक पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलं, आम्ही अजून बेळगावच म्हणतो. फक्त ड्रॅगनबॉर्नची पोरं वेगळी, अंड्यातून आल्यावर काही तासात चालतात, तीन वर्षांची झाली की माणसाच्या दहा वर्षांच्या पोराएवढी, पंधराव्या वर्षी मोठी. चिमी तीन वर्षांची आहे, अजून चपला उलट्या घालते, त्यामुळे ते पान वाचताना मला दरवेळी तीच दिसते. कार्डावर त्या लहानपणच्या नावासाठी एक रिकामी ओळ सोडली असती तरी मी खूश झालो असतो.

परत घ्यायला विक्रेता तयार नव्हता. मग बारीक करवतीने शेपूट कापली, पुट्टी भरली, ओली करून पॉलिश पेपर मारला (मास्क लावाच, रेझिनची धूळ छातीत जाऊ देऊ नका), पुट्टीत सुईने खवले ओढले. साबणाच्या पाण्यात धुऊन प्राइमर, मग ब्राँझ रंग, कडेला थोडा गंज. ब्राँझ ड्रॅगनच्या वंशातल्यांच्या श्वासातून वीज निघते म्हणून दातांच्या मध्ये निळी रेघ मारली, आणि कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्वतः लिहिलं, किंबातूल सोरा, खाली ढालचावी.

कामाला पाचपैकी साडेचार, पुस्तकाशी इमान राखण्याला दोन. घेणार असाल तर मागून काढलेला फोटो मागून घ्या, आणि कार्डावर नाव कसं छापणार ते आधी विचारा.